बडी हॉली : गाणे एकाचे, खाते दुसऱ्याचे

३ फेब्रुवारी १९५९ च्या मध्यरात्रीनंतर, अमेरिकेतील आयोवा राज्यात क्लिअर लेक या गावापासून काही मैलांवर, बर्फाने झाकलेल्या एका शेतात चार आसनांचे लहानसे विमान कोसळले. तीन तरुण गायक आणि त्यांचा वैमानिक असे चौघेही जागीच ठार झाले. त्या गायकांतील एक होता चार्ल्स हार्डिन हॉली. जग त्याला बडी हॉली या नावाने ओळखते. मृत्युसमयी त्याचे वय २२ वर्षांचे होते. अपमृत्यूची चौकशी करणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याने त्याच्याजवळच्या चीजवस्तूंची जी यादी केली, तीत १९३ डॉलर रोख रकमेची नोंद आहे. लगेच पुढे, चौकशीच्या शुल्कापोटी ११ डॉलर ६५ सेंट वजा करून १८१ डॉलर ३५ सेंट शिल्लक, असा हिशेबही आहे. ज्याच्या एका तबकडीचा खप दहा लाखांवर गेला होता आणि ज्याची गाणी अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर वाजत होती, त्याच्या आयुष्याचा हा रोकड ताळेबंद होय.

या अपघाताभोवती पुढे दंतकथांचे दाट जाळे विणले गेले. डॉन मॅक्लिन या गायकाने १९७१ साली ‘अमेरिकन पाय’ हे दीर्घ गीत रचले आणि त्या रात्रीला एखाद्या युगान्ताची कळा आली. अकाली मरण पावलेल्या कलावंताभोवती असे वलय निर्माण होणे स्वाभाविकच आहे. परंतु वलयाच्या प्रकाशात एक साधा प्रश्न झाकोळून जातो. नुकतेच लग्न झालेला, पत्नीला दिवस गेलेले, न्यूयॉर्कमध्ये बिऱ्हाड थाटलेला हा यशस्वी कलावंत ऐन जानेवारीत, बर्फाळ वादळांच्या प्रदेशात, मोडक्या बसमधून गावोगाव हिंडत होता तरी कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर संगीताच्या इतिहासात शोधून मिळत नाही. ते करारपत्रांत आणि बँकेच्या खात्यांत सापडते.

बडीचा जन्म ७ सप्टेंबर १९३६ चा, टेक्सास राज्यातील लबक या गावचा. कापूस पिकवणारा, सपाट, वाऱ्याचा, धर्मनिष्ठ बॅप्टिस्टांचा हा प्रदेश. चार भावंडांत तो सर्वांत धाकटा. घरची स्थिती बेताची. पण घरात वाद्ये होती आणि थोरल्या भावांना ती वाजवता येत होती. थोरल्या भावाचा फरश्या बसवण्याचा धंदा होता आणि बडीही त्या कामाला हात लावत असे. त्याच भावाकडून घेतलेल्या पैशातून त्याने आपली विजेवर चालणारी फेंडर कंपनीची ‘स्ट्रॅटोकास्टर’ गिटार खरेदी केली. शाळासोबती बॉब माँटगोमेरी याच्याबरोबर तो गावच्या नभोवाणी केंद्रावर ग्रामीण गोऱ्यांचे ‘कंट्री’ संगीत गाई. रात्री मात्र मोटारीत बसून तो लुईझियानातील श्रीव्हपोर्टचे केंद्र लावी. तेथून कृष्णवर्णीयांचे ‘ऱ्हिदम अँड ब्ल्यूज’ ऐकू येई. लबकमध्ये काळ्यांची वस्ती वेगळी, शाळा वेगळ्या, चर्चही वेगळे. परंतु नभोवाणीच्या लहरींना कुंपण घालणे कोणत्याही नगरपालिकेला जमणारे नव्हते. या दोन प्रवाहांच्या संगमातून जे निपजले तेच रॉक अँड रोल. युद्धोत्तर समृद्धीमुळे पौगंडावस्थेतील मुलांच्या खिशात प्रथमच स्वतःचा पैसा खुळखुळू लागला होता आणि मिनिटाला ४५ फेऱ्यांची स्वस्त, लहान तबकडी त्या पैशाला साजेशी होती. १९५५ साली एल्व्हिस प्रेस्ले लबकला आला, तेव्हा त्याच्या आधी रंगमंचावर गाण्याची संधी बडीला मिळाली. पुढे काय करायचे, हे त्यानंतर त्याला कोणी सांगावे लागले नाही.

१९५६ च्या प्रारंभी डेक्का या बड्या ध्वनिमुद्रिका कंपनीने त्याला करारबद्ध केले. त्याच्या मूळ आडनावाच्या स्पेलिंगमध्ये ‘वाय’च्या आधी एक ‘ई’ होता. करारपत्र टंकलिखित करताना तो गळाला आणि बडीने नवे स्पेलिंग निमूटपणे स्वीकारले. धंद्याने कलावंताकडून घेतलेली ही पहिली वस्तू. तशी किरकोळच, पण पुढील घटनांची चाहूल देणारी. नॅशव्हिल येथे जी ध्वनिमुद्रणे झाली त्यांत मुलाच्या मताला फारसा वाव नव्हता. दोन तबकड्या निघाल्या आणि पडल्या. त्याच वर्षी गाजलेल्या ‘द सर्चर्स’ या चित्रपटात जॉन वेनच्या तोंडी वारंवार येणारे एक वाक्य उचलून बडी आणि त्याचा ड्रमवादक मित्र जेरी ॲलिसन यांनी ‘दॅटल बी द डे’ हे गाणे रचले होते. ते नॅशव्हिलमध्ये ध्वनिमुद्रितही झाले. डेक्काने ते बाजारात आणलेच नाही. १९५७ च्या जानेवारीत कंपनीने कराराचे नूतनीकरण नाकारले. मात्र करारातील एक कलम शिल्लक उरले. डेक्काकडे मुद्रित केलेले गाणे पुढची पाच वर्षे दुसऱ्या कोणाकडे मुद्रित करण्यास त्याला मनाई होती. गाणे कंपनीला नको होते आणि सोडायचेही नव्हते! बडीने कंपनीच्या अधिकाऱ्याला दूरध्वनी करून विनवणी केली, तीही व्यर्थ गेली. हे संभाषण त्याने शहाणपणाने ध्वनिफितीवर टिपून ठेवले, यावरून विशीतला हा मुलगा अगदीच भाबडा नव्हता असे दिसते.

लबकपासून सुमारे शंभर मैलांवर, शेजारच्या न्यू मेक्सिको राज्यात क्लोव्हिस नावाचे गाव आहे. तेथे नॉर्मन पेट्टी या संगीतकाराने उत्तम ध्वनिमुद्रणगृह उभारले होते. पेट्टीची एक पद्धत आगळी होती. मोठ्या शहरांतील ध्वनिमुद्रणगृहे तासाच्या हिशेबाने भाडे घेत. पेट्टी गाण्यामागे ठराविक रक्कम घेई, मग ते साधायला दोन तास लागोत की अख्खी रात्र. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर त्याने प्रयोगाचा सीमान्त खर्च शून्यावर आणला. ज्या कलावंताला पाचव्या चुकीनंतर सहावा प्रयत्न करून पाहायचा असतो, त्याच्या दृष्टीने ही सवलत कोणत्याही आगाऊ रकमेपेक्षा मोलाची होती. क्लोव्हिसमध्ये बडीच्या प्रतिभेला जे धुमारे फुटले त्यांचे श्रेय या व्यवस्थेला दिलेच पाहिजे. ‘एव्हरीडे’ या गाण्यात ॲलिसनने ड्रम बाजूला ठेवून आपल्याच मांड्यांवर थापा मारून ताल धरला आणि पेट्टीच्या पत्नीने सेलेस्टा या नाजूक घंटानादी वाद्यावर साथ केली. ‘नॉट फेड अवे’मध्ये ड्रमची जागा पुठ्ठ्याच्या खोक्याने घेतली. स्वतःच्याच आवाजावर स्वतःचा दुसरा आवाज चढवण्याचे तंत्रही तेथे हाताळले गेले. एका गाण्याच्या अखेरीस तर प्रतिध्वनीच्या खोलीत शिरलेला एक खराखुरा रातकिडा आवाज देऊन गेला आहे आणि तो तसाच राहू दिला गेला.

२५ फेब्रुवारी १९५७ रोजी तेथे ‘दॅटल बी द डे’ नव्याने मुद्रित झाले. डेक्काच्या कलमाला बगल देण्यासाठी तबकडीवर बडीचे नाव न घालता वाद्यवृंदाचे नाव घालायचे ठरले. कीटकांची नावे चाळता चाळता ‘क्रिकेट्स’ म्हणजे रातकिडे हे नाव पसंत पडले. तबकडी काढली ब्रन्सविक या कंपनीने. आणि गंमत अशी की ब्रन्सविक ही डेक्काचीच उपकंपनी होती. ज्या गाण्याला डेक्काने आपल्या कपाटात कुलूपबंद केले होते तेच तिच्या दुसऱ्या दाराने बाहेर आले. सप्टेंबरमध्ये ते अमेरिकेत अग्रस्थानी पोहोचले, नोव्हेंबरमध्ये इंग्लंडमध्ये. कज्जा अर्थातच विरून गेला. नफा मिळू लागल्यावर मालकाला कलमांची आठवण राहत नाही. लगोलग त्याच वाद्यवृंदाच्या काही तबकड्या एकट्या बडी हॉलीच्या नावाने कोरल या दुसऱ्या उपकंपनीतर्फे निघू लागल्या. त्यांतील ‘पेगी सू’ही तितकेच गाजले.

पेट्टी आता केवळ ध्वनिमुद्रक राहिला नव्हता. तो या मुलांचा व्यवस्थापक होता, त्यांच्या गाण्यांचा प्रकाशक होता, त्यांचे पैसे सांभाळणारा खजिनदार होता आणि तबकडीवरील नावांवरून पाहता त्यांचा सहकवीही होता. ‘दॅटल बी द डे’ हे गाणे क्लोव्हिसला येण्यापूर्वीच रचून तयार होते. तरी त्यावर हॉली आणि ॲलिसन यांच्या जोडीला पेट्टीचे नाव लागले. ‘पेगी सू’वर तर प्रथम केवळ ॲलिसन आणि पेट्टी ही दोनच नावे होती. ज्याच्या कंठाने आणि गिटारीने ते गाणे जगभर गेले त्या हॉलीचे नाव नव्हते.

हा प्रकार त्या काळी अपवादात्मक नव्हता, हे पेट्टीच्या बाजूने सांगितले पाहिजे. चक बेरीच्या ‘मेबेलीन’ या गाण्यावर ॲलन फ्रीड या नभोवाणी-निवेदकाचे नाव सहकवी म्हणून झळकत होते. गाणे वारंवार वाजवण्याची ती दक्षिणा होती. नावाला इतके मोल का, हे समजण्यासाठी थोडे गणित करावे लागेल. १९०९ च्या अमेरिकन स्वामित्वहक्क कायद्याने प्रत्येक तबकडीमागे गाण्याच्या हक्कदारांना दोन सेंट रॉयल्टी ठरवून दिली होती आणि तो दर १९७८ पर्यंत तसाच गोठलेला राहिला. उदाहरणादाखल, दहा लाख तबकड्या खपल्या तर एका गाण्यामागे जास्तीत जास्त २० हजार डॉलर. रूढ पद्धतीने त्यातले निम्मे प्रकाशकाचे. उरलेल्या १० हजारांचे तीन कवींत वाटे केले तर प्रत्येकी ३,३३३ डॉलर. म्हणजे जो गृहस्थ प्रकाशकही आहे आणि तिसरा कवीही, त्याच्या पदरात १३ हजारांवर रक्कम पडते आणि गाणे ज्याला सुचले तो एक-षष्ठांशाचा धनी ठरतो. गायक म्हणून मिळणारी रक्कम यापासून वेगळी असे. पण ती वाद्यवृंदात वाटली जाई आणि तीही क्लोव्हिसमधूनच हाती यावयाची होती.

आपल्याकडे अभंगात वा लावणीत कवी शेवटच्या चरणात स्वतःची नाममुद्रा गुंफून ठेवत असे. होनाजी बाळा या नाममुद्रेत तर रचणारा होनाजी आणि गाणारा बाळा असे दोघेही कायमचे नांदत आहेत. नाव रचनेच्या पोटातच असल्यामुळे ते काढायचे तर चरणच मोडावा लागे. त्यातून त्या शाहिरांना पैसा किती मिळाला हा प्रश्न निराळा. तबकडीच्या युगात मात्र नाव गाण्याबाहेर पडले आणि गोल कागदावर छापले जाऊ लागले. कागदावर काय छापायचे हे ठरवण्याचा अधिकार कागद छापून घेणाऱ्याचा.

हॉलीचा कैवार घेताना त्याच्यावरील ऋण मात्र विसरता कामा नये. ‘नॉट फेड अवे’चा जो थरारक ठेका आहे तो बो डिडली या कृष्णवर्णीय कलावंताने लोकप्रिय केलेला होता आणि त्यालाही तो आपल्या समाजाच्या जुन्या परंपरेतून लाभला होता. कायदा शब्दांना आणि चालीला संरक्षण देतो, ठेक्याला देत नाही. त्यामुळे या गाण्यापोटी बो डिडलीला देणे असे काही निर्माणच झाले नाही. ज्या साखळीत हॉली नाडला गेला त्याच साखळीत त्याच्या खालीही एक कडी होती. एवढे खरे की त्याने ते ऋण कधी लपवले नाही; बो डिडली आणि चक बेरी यांची गाणी तो त्यांच्या नावाने गात असे. १९५७ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील अपोलो नाट्यगृहात, प्रामुख्याने काळ्या श्रोत्यांसमोर, हे टेक्सासचे गोरे तरुण वाजवून आले. त्यानंतरच्या दौऱ्यात दक्षिणेतील काही शहरांत त्यांना गाळण्यात आले, कारण गोऱ्या आणि काळ्या कलावंतांनी एका मंचावर येणे तेथील नियमांना मान्य नव्हते.

१९५८ च्या मार्चमध्ये क्रिकेट्सनी इंग्लंडचा दौरा केला. जाड काळ्या चौकटीचा चष्मा घातलेला, कारकुनासारखा दिसणारा हा उंच, किडकिडीत तरुण दूरचित्रवाणीवर पाहून लिव्हरपूलमधील जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी भारावून गेले. देखणेपणावाचूनही हे जमते. आपली गाणी आपणच रचता येतात. गिटार, बास आणि ड्रम एवढ्या सामग्रीवर चौघांना जग जिंकता येते, हा धडा त्यांनी गिरवला. त्याच वर्षी त्यांच्या कंपूने पैसे भरून जी पहिली तबकडी करून घेतली तिच्यावर ‘दॅटल बी द डे’ होते. पुढे ‘बीटल्स’ हे कीटकाचे नाव घेताना क्रिकेट्सचे स्मरण त्यांच्या मनात होतेच.

त्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या एका संगीत प्रकाशन संस्थेच्या कचेरीत हॉलीला मारिया एलेना सांतियागो ही पोर्तो रिकोची तरुणी भेटली. पहिल्याच भेटीत त्याने तिला मागणी घातली आणि १५ ऑगस्ट १९५८ रोजी लबकला लग्न झाले. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये संसार सुरू झाला. ऑक्टोबरमध्ये त्याने व्हायोलिनांच्या ताफ्यासह चार गाणी मुद्रित केली. रॉकच्या गायकाने असे करणे तेव्हा धाडसाचे होते. प्रकाशन व्यवसाय आतून पाहिलेल्या पत्नीमुळे असो वा महानगराच्या वाऱ्यामुळे असो, त्याने पेट्टीकडे हिशेब मागण्यास प्रारंभ केला. वर्षअखेर संबंध तुटले. ॲलिसन आणि बासवादक जो मॉल्डिन यांनी मात्र पेट्टीकडेच राहणे पसंत केले. पैसा क्लोव्हिसमध्ये, पेट्टीच्या ताब्यातील खात्यात अडकून पडला. तो मोकळा होण्यापूर्वी हिशेब मिटायला हवा होता आणि हिशेब मिटण्यासाठी वकील हवे होते. वकिलांना पैसा लागतो. डिसेंबर आणि जानेवारीत हॉली आपल्या घरात एका ध्वनिमुद्रकापुढे गिटार घेऊन नवी गाणी टिपत होता आणि घरभाड्याची चिंता वाहत होता.

अशा स्थितीत ‘विंटर डान्स पार्टी’ या दौऱ्याचे निमंत्रण आले आणि रोख मिळकतीसाठी त्याने ते स्वीकारले. २३ जानेवारी १९५९ रोजी मिलवॉकीपासून प्रारंभ, २४ दिवसांत २४ गावे. गावांचा क्रम लावणाऱ्याने नकाशा पाहिला होता की नाही याचीच शंका यावी. बस उलटसुलट शेकडो मैल धावत होती. बसमधील उष्णता देणारी यंत्रणा वारंवार बंद पडे. नवा ड्रमवादक कार्ल बंच याचे पाय हिमदंशाने बधिर होऊन त्याला इस्पितळात ठेवावे लागले. २ फेब्रुवारीला क्लिअर लेकच्या सर्फ बॉलरूममध्ये कार्यक्रम झाला. पुढचा मुक्काम मिनेसोटातील मूरहेड. आणखी एक रात्र त्या बसमध्ये काढण्यापेक्षा पुढे जाऊन कपडे धुऊन घ्यावे, थोडी झोप घ्यावी, या विचाराने हॉलीने विमान ठरवले. माणशी भाडे ३६ डॉलर. बासवादक वेलन जेनिंग्जने आपली जागा तापाने फणफणलेल्या जे. पी. रिचर्डसनला दिली, गिटारवादक टॉमी ऑलसप नाणेफेकीत आपली जागा १७ वर्षांच्या रिची व्हॅलेन्सला हरला. वैमानिक रॉजर पीटरसन २१ वर्षांचा होता. केवळ उपकरणांवर विसंबून उड्डाण करण्याची पात्रता त्याच्याकडे नव्हती आणि त्या विमानातील एक उपकरण त्याच्या सवयीच्या उलट पद्धतीने स्थिती दाखवणारे होते, असे सरकारी चौकशीत पुढे निष्पन्न झाले. हवामानाचे इशारेही त्याला पूर्णपणे कळवण्यात आले नव्हते. पाच-सहा मैलांतच सारे संपले. दौरा मात्र थांबला नाही. त्याच रात्री मूरहेडला उरलेल्यांनी कार्यक्रम केला.

मेल्यानंतर हॉली अधिक खपू लागला. एप्रिलमध्ये व्हायोलिनांच्या साथीतील ‘इट डझन्ट मॅटर एनिमोर’ इंग्लंडमध्ये अग्रस्थानी गेले. घरी टिपलेल्या फितींवर मागाहून वाद्ये चढवून नव्या तबकड्या निघत राहिल्या. हे काम पुढे हॉलीच्या आईवडिलांनी ज्याच्या हाती सोपवले तो गृहस्थ नॉर्मन पेट्टी होता. त्यांचा निर्णय अनेकांना अनाकलनीय वाटतो. पण मुलाचा आवाज पेट्टीइतका जाणणारा दुसरा कोणी त्यांच्या पंचक्रोशीत नव्हता हेही खरे. १९६४ साली रोलिंग स्टोन्सना इंग्लंडमध्ये पहिले मोठे यश मिळवून दिले ते ‘नॉट फेड अवे’ने. १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास हॉलीच्या गाण्यांचे प्रकाशनहक्क पॉल मॅकार्टनीच्या कंपनीने विकत घेतले. पेट्टी १९८४ साली निधन पावला.

१९०९ च्या त्याच कायद्यात एक तरतूद अशी होती की २८ वर्षांनंतर स्वामित्वहक्काचे नूतनीकरण करावे लागे आणि तोवर कवी हयात नसला तर तो हक्क त्याच्या पत्नीकडे व मुलांकडे जाई. तरुणपणी नडीच्या वेळी विकून टाकलेली वस्तू कुटुंबाला परत मिळावी, हा तिचा हेतू. पण त्यासाठी मूळ नोंदीत कवी म्हणून नाव असावे लागते. ‘पेगी सू’ला हॉलीचे नाव लागले ते त्याच्या मृत्यूनंतर, जेरी ॲलिसनने आग्रह धरल्यामुळे. क्लोव्हिसला पेट्टीसोबत राहिलेल्या या मित्राने आपल्या वाट्यात वाटेकरी वाढवून घेतला, ही गोष्ट या साऱ्या व्यवहारात उठून दिसते.

अपघाताच्या रात्री हॉलीचा चष्मा बर्फात उडाला होता. वसंतात बर्फ वितळल्यावर तो सापडला, स्थानिक शेरीफच्या कचेरीत पाकिटात घालून ठेवला गेला आणि न्यायालयाची जागा बदलताना त्या पाकिटाचा विसर पडला. १९८० साली ते पुन्हा हाती लागले. चष्म्यावर हक्क कोणाचा, यावरून हॉलीची पत्नी आणि त्याचे आईवडील यांच्यात कायदेशीर वाद झाला. वर्षभराने तो पत्नीच्या स्वाधीन करण्यात आला.